जमीन आरोग्य पत्रिका : बारा ओळींपैकी कामाच्या किती?

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली. आपल्याकडे तिला जमीन आरोग्य पत्रिका म्हणतात. पुष्कळ घरांत हा कागद सातबाऱ्याच्या फाइलीत घडी घालून पडलेला असतो आणि खत आणायला गेल्यावर कृषी सेवा केंद्रवाला सांगेल तीच गोणी घरी येते. पत्रिका फुकट मिळते, पण तिच्या भरवशावर टाकलेलं किंवा न टाकलेलं खत फुकट नसतं. म्हणून एखादी विकतची वस्तू पारखावी तशी ती पारखायला हवी.

मत आधीच सांगून टाकतो. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप), क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त या पाच ओळींसाठी पत्रिका जरूर घ्यावी. नत्राच्या (नायट्रोजनच्या) ओळीवर फार विसंबू नये. चुनखडी आणि सोडियम यांची तर ओळच नाही, आणि काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याला हीच उणीव सगळ्यात जास्त नडते.

कागदावर बारा तपासण्या असतात : सामू, क्षारता (विद्युत वाहकता), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. प्रत्येकापुढे आकडा, एकक आणि कमी-मध्यम-जास्त असा शेरा. शेजारी पिकांनुसार खतांच्या मात्रा, त्याही खतांच्या दोन पर्यायांत. मांडणी वाईट नाही. फक्त शेऱ्याचा शब्द वाचून थांबू नका, आकडा वाचा. कारण शेरा कुठली प्रतवारी वापरली त्यावर ठरतो. देशपातळीवरच्या तीन पायऱ्यांत सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्याखाली म्हणजे कमी. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या सहा पायऱ्यांच्या प्रतवारीत ०.४१ ते ०.६० म्हणजे मध्यम. त्यामुळे ०.४५ कर्बाची एकच जमीन एका कागदावर ‘कमी’ आणि दुसऱ्यावर ‘मध्यम’ दिसते. जमीन सुधारलेली नसते, तक्ता बदललेला असतो. पालाशाचंही तेच : हेक्टरी २४० किलो पालाश तीन पायऱ्यांत मध्यम ठरतो, तर सहा पायऱ्यांत मध्यमच्या वर जातो.

पहिला प्रश्न मात्र आकड्याचा नाही, माती कुणाच्या रानातली हा आहे. मूळ योजनेत बागायती भागात २.५ हेक्टरला एक नमुना आणि जिरायतीत १० हेक्टरला एक, असं चौकटीचं गणित होतं. १० हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर. राज्यातलं सरासरी खातं दीड हेक्टरसुद्धा भरत नाही, म्हणजे एका जिरायती चौकटीत सहा-सात शेतकरी सहज बसतात आणि सगळ्यांच्या हाती एकाच मातीचे आकडे पडतात. त्यात एकाचं रान ओढ्याकाठचं भारी, दुसऱ्याचं माळावरचं मुरमाड. पुढे २०१९-२० मध्ये निवडक गावांत प्रत्येक खातेदाराच्या शेताचा स्वतंत्र नमुना घेण्याचा प्रयोग झाला, पण जुनी पत्रिका हातात असेल तर ती चौकटीचीच समजा.

हे तपासायला सोपा उपाय आहे. पत्रिकेवर नमुन्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात. ते फोनवरच्या नकाशात टाका. ठिपका तुमच्या गटात पडला तर पुढे वाचा. शेजारच्या गटात पडला तर जमिनीचा पोत सारखा आहे का ते बघा. गावठाणात किंवा डांबरी रस्त्यावर पडला तर तो कागद शिफारशीसाठी वापरू नका.

आता नमुना. पत्रिकेतली निम्मी गडबड इथेच होते आणि प्रयोगशाळा ती नंतर दुरुस्त करू शकत नाही. पीक काढल्यावर, नांगरटीच्या आधी, रान वाफशावर असताना किंवा कोरडं असताना नमुना घ्यावा. रासायनिक खत टाकून दोन-तीन महिने झालेले हवेत. एक एकर असो वा दोन, रंग, उतार, खोली आणि मागचं पीक सारखं असलेला तुकडा म्हणजे एक नमुना. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी थांबायचं. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा, विहिरीजवळचा आणि पाटाकडेचा पट्टा, जनावरं बांधायची जागा हे सगळं सोडायचं. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा. हंगामी पिकांना १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते, ऊस-कापसाला थोडी जास्त. खड्ड्याच्या उतरत्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची सारखी चकती खरवडायची. नुसती वरची माती घेतली तर स्फुरद आणि कर्ब फुगून येतात, कारण ते दोन्ही वरच्या थरातच साचतात.

सगळी माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात एकत्र करून स्वच्छ गोणपाटावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको, त्याने पालाश आणि लोहाचे आकडे हलतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी (जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन) नमुना असेल तर गंजलेलं खुरपं, जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि खताची रिकामी गोणी या तिन्ही गोष्टी दूर ठेवा. जस्ताची मर्यादा ०.६ पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भाग मातीत अर्ध्या भागाहून जरासं जास्त. इतक्या बारीक मापात बादलीचा एक ओरखडासुद्धा ‘कमी’चं ‘पुरेसं’ करून टाकतो. जस्ताची कमतरता पानांवर स्पष्ट दिसत असताना कागदावर २-३ पीपीएम आलं, तर आधी अवजारांवर संशय घ्या.

फळबागेला हा सगळा प्रकार अपुरा आहे. डाळिंब, संत्रा, द्राक्ष यांची नवी लागवड करायची असेल तर ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळ्या पिशव्यांत द्यावे लागतात. पत्रिकेचा एका थराचा नमुना खालच्या चुनखडीबद्दल काहीच बोलत नाही, आणि बाग पिवळी पडते ती बहुधा तिच्यामुळेच.

बारा ओळींत नत्राची ओळ सगळ्यात कमी कामाची. दोन कारणं. एक म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक कोरडवाहू जमिनींत उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खालीच असतो; ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे त्या चाचणीतून दोन रानांतला फरक कळत नाही. शिवाय नत्र स्थिर बसत नाही. पाऊस, ओल, तापमान, कुजणारा पाला यांवर तो आठवड्यात वरखाली होतो. दुसरं कारण जास्त चिडवणारं आहे. काही ठिकाणी अल्कधर्मी परमँगनेटची चाचणी न करता सेंद्रिय कर्बाच्या आकड्याला ठरावीक गुणक लावून नत्र लिहितात. हे ओळखता येतं. गावातल्या चार-पाच पत्रिका शेजारी ठेवा आणि प्रत्येकीतल्या नत्राला कर्बाने भागा. भागाकार सगळीकडे तोच आला तर बाराच्या जागी अकराच तपासण्या झाल्या आहेत.

सेंद्रिय कर्बाची ओळ मात्र सोन्याची. वॉकली-ब्लॅक पद्धत जुनी आणि साधी आहे : डायक्रोमेट, तीव्र गंधकाम्ल, अर्धा तास, मग टायट्रेशन. चुकायला वाव कमी. तरी जमीन खारवट असेल तर क्लोराइडमुळे आकडा थोडा फुगतो. कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ मिळतो, म्हणजे ०.५ कर्बाच्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ टक्क्याहूनही कमी. हा आकडा एका वर्षात ०.४ वरून ०.७ झाला असा कागद आला तर आनंदून जाऊ नका, बहुधा नमुन्यात शेणखत आलं आहे. कर्ब वर्षाला शतांशांनी हलतो.

स्फुरदावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण तो जमिनीत जागचा फारसा हलत नाही. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. पद्धत कोणती? काळ्या, सामू सातच्या वरच्या जमिनीला ओल्सेनची. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यातल्या जांभ्या आम्ल जमिनीला ब्रेची. आम्ल जमिनीला ओल्सेन लावला तर आकडा येतो, पण तो कुठल्या तक्त्याशी ताडायचा हा प्रश्न उरतो. दुसरं, आकडा निव्वळ फॉस्फरस म्हणून आहे की फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून? पहिल्याला २.२९ ने गुणलं की दुसरा मिळतो. हेक्टरी २० किलो फॉस्फरस आणि ४६ किलो पेंटॉक्साइड ही एकच गोष्ट, पण एका प्रयोगशाळेचा कागद पहिल्या रूपात आणि दुसरीचा दुसऱ्या रूपात असला की शेतकरी म्हणतो, ‘दोन वर्षांत स्फुरद दुप्पट झाला.’ पालाशाचा असाच गुणक १.२ आहे. आणि एखाद्या खासगी अहवालात सगळं पीपीएममध्ये असेल तर हेक्टरी किलोसाठी २.२४ ने गुणायचं.

ऊस, द्राक्ष, कांदा, केळी यांच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) पडल्यामुळे स्फुरद ‘जास्त’ दाखवणाऱ्या पत्रिका पुष्कळ. अशा कागदावर लगेच जस्ताची ओळ बघायची. साचलेला स्फुरद पिकाला जस्त घेऊ देत नाही, आणि मग पिवळेपणा दिसला की आणखी खत पडतं. इथे पत्रिकेचा खरा उपयोग आहे : डीएपीची एक गोणी कमी करा आणि हेक्टरी २०-२५ किलो झिंक सल्फेट द्या, पण डीएपीत मिसळून नाही. शेणखतात मिसळून वेगळं द्या. दर हंगामाला द्यायची गरज नाही, दोन-तीन पिकांना एकदा पुरतं.

लोहाची ओळ फसवी. मर्यादा ४.५ पीपीएम. चुनखडीच्या जमिनीत आकडा ६ असूनही ऊस किंवा भुईमूग केवडा पडल्यासारखा पिवळा होतो, कारण प्रयोगशाळेत डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने काढलेलं लोह आणि मुळाला मिळणारं लोह यांत बायकार्बोनेट आडवं येतं. अशा रानात फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकलं तर काही दिवसांत त्याचा उपयोग संपतो. ते शेणखतात मुरवून द्यावं, किंवा अर्धा टक्का द्रावणात थोडं सायट्रिक आम्ल टाकून फवारावं. पत्रिकेच्या शिफारशीत हा भेद सापडत नाही.

म्हणूनच चुनखडी आणि सोडियम यांची ओळ नसणं मोठं वाटतं. सामू ८.६ आला तर जमीन चुनखडीची आहे की चोपण, हे पत्रिका सांगत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे. चोपण असेल, म्हणजे विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल, तर जिप्सम आणि निचरा. निव्वळ चुनखडी असेल तर जिप्सम टाकून पैसे वाया, कारण कॅल्शियमची तिथे कमी नाहीच. उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या रानांत तर हा फरक कळल्याशिवाय काही करूच नये. सामू ८.५ च्या वर किंवा क्षारता मीटरला १ डेसिसायमनच्या वर दिसली की पत्रिका बाजूला ठेवून जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळेत, कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मुक्त चुना आणि विनिमयक्षम सोडियम या दोन तपासण्या पैसे भरून करून घ्या. सोबत विहिरीच्या पाण्याची बाटलीही द्या; निम्म्या वेळा दोष तिथेच असतो.

शिफारशीचा भाग वापरण्याजोगा आहे, पण हेक्टरचं एकर आणि अन्नद्रव्याचं गोणी हे गणित स्वतः केलेलं बरं. बागायती गव्हाची शिफारस धरा हेक्टरी १२०:६०:४० (किलो नत्र:स्फुरद:पालाश). पत्रिकेत नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश जास्त. रूढ नियम असा : कमी असेल तर पाव भाग वाढवा, मध्यमला आहे तेवढं, जास्त असेल तर पाव भाग कमी करा. म्हणजे १५०:६०:३०. एकरी, अडीचने भागून, ६०:२४:१२.

सिंगल सुपर फॉस्फेटमधून २४ किलो स्फुरद हवा तर १५० किलो, म्हणजे तीन गोण्या. युरिया १३० किलो. गोणी आता ४५ किलोची, म्हणजे जवळजवळ तीन. म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. हाच स्फुरद डीएपीमधून द्यायचा तर ५२ किलो लागतो, त्यातून ९ किलो नत्र येतो, उरलेल्यासाठी अडीच गोण्या युरिया. उचलायला डीएपी सोपं. पण गंधकाची ओळ १० पीपीएमखाली असेल तर सुपर फॉस्फेटच घ्या, तीन गोण्यांतून १६ किलोच्या आसपास गंधक फुकटात मिळतं. सोयाबीन, हरभरा, कांदा, भुईमूग यांना हा फरक तेलात आणि वजनात दिसतो.

आता दुकानातली सवय बघा. १०:२६:२६ हे मिश्रखत दिलं तर २४ किलो स्फुरदासाठी ९२ किलो लागतं आणि सोबत २४ किलो पालाशही पडतो. गरज होती १२ ची. पत्रिका पालाश जास्त म्हणत असताना दुप्पट पालाश विकत घेतला. काळ्या जमिनीत हे सर्रास होतं. उलट हलक्या मुरमाड रानात केळी किंवा ऊस असेल तर एकदा ‘जास्त’ आलं म्हणून पालाश बंद करू नका, ही पिकं तो भराभर उपसतात.

पत्रिकेतली मात्रा एका ठरावीक संदर्भ उत्पादनासाठी काढलेली असते, हेही लक्षात ठेवावं. आडसाली उसाची राज्यातली प्रचलित शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० आहे. एकरी तीस टन काढणाऱ्याला आणि ऐंशी टनांचं लक्ष्य धरणाऱ्याला तीच मात्रा लागू पडत नाही. लक्ष्य उत्पादनानुसार खत काढायची समीकरणं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकानुसार दिलेली आहेत. माती परीक्षणाचे आकडे तुमच्या स्वतःच्या रानाचे असतील तर ती वापरणं शिफारशीच्या तक्त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेचा ‘मृदा परीक्षक’ हा छोटा संच किंवा दिल्लीच्या पुसा संस्थेचं एसटीएफआर (माती परीक्षण आणि खत शिफारस) मीटर गावपातळीवर चालवता येतं. रसायनं ताजी आणि माणूस शिकलेला असेल तर आकडे कामापुरते बरे येतात. मुदत संपलेल्या रसायनांवर मात्र दोन्ही कुचकामी. कानपूरच्या आयआयटीने २०२१ मध्ये आणलेलं ‘भू परीक्षक’ पाच ग्रॅम मातीवर प्रकाश टाकून दीड मिनिटात उत्तर देतं. पहिल्या चाळणीसाठी ठीक. ऑनलाइन मिळणाऱ्या, जमिनीत खुपसायच्या, नत्र-स्फुरद-पालाश दाखवणाऱ्या स्वस्त काड्या घेऊ नका. त्यांच्या टोकाला विद्युत वाहकता कळते, बाकीचे आकडे त्यातून गुणाकाराने काढलेले असतात. त्यामुळे खारवट रान त्यांना सुपीक दिसतं आणि कोरडी माती निकस. घमेलंभर मातीत चमचाभर मीठ आणि पाणी घालून काडी खुपसा, स्फुरदसुद्धा वाढलेला दिसेल.

पत्रिका कधी काढावी? एप्रिल-मे महिन्यात सगळ्यांचे नमुने एकदम येतात आणि कागद पेरणीनंतर हातात पडतो. रब्बी लवकर निघत असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नाहीतर खरीप निघाल्यावर नोव्हेंबरमध्ये नमुना द्या. पण एकदा जो महिना धराल तोच पुढेही धरा. मे आणि नोव्हेंबरचे पालाश-सामू एकमेकांशी ताडता येत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे.

प्रयोगशाळेची पारख करायची तर एकाच घमेल्यातली माती दोन पिशव्यांत भरून दोन वेगळ्या गट नंबरांनी पैसे भरून द्या. सामूत ०.२ पेक्षा किंवा कर्बात ०.१ पेक्षा जास्त तफावत आली तर बाकीच्या दहा ओळींवर वेळ घालवू नका. आणि चांगला वाळलेला अर्धा किलो नमुना घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तारीख आणि गट नंबर लिहून घरी ठेवा. पुढच्या खेपेला तो नव्या नमुन्यासोबत द्यायचा. जुन्या मातीचा स्फुरद आणि सामू मागच्या कागदाइतकाच आला, तर नव्या नमुन्यात दिसणारा फरक रानातला आहे असं धरून खताची गोणी कमी-जास्त करा.